एका बैठकीला दहा काचा

नांदेडला गंगाआत्याच्या घरात शेंगदाण्याची चटणी कधी संपत नसे. स्वयंपाकघराच्या फळीवर बरण्या ओळीनं उभ्या असत, आणि ताजी चटणी किती झाली ते बघून त्या दिवशी किती पेशंट आले होते हे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, बसल्या जागेवरून सांगत. फुशारकी मारायची सवय असली तरी या बाबतीत त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. ती चटणी खायला म्हणून कुटलेली नव्हतीच. ती कशासाठी कुटली जायची हे सांगायचं तर मी त्या घरात कशी जाऊन पडले तिथून सुरुवात करावी लागेल.

बारावीचा निकाल लागला आणि आमच्या अहमदपूरच्या घरात त्याबद्दल कुणी बोलेनासं झालं. मला डॉक्टर व्हायचं होतं. खरं म्हणजे मी डॉक्टर व्हावं असं घरातल्या सगळ्यांना वाटत होतं आणि त्यात माझंही एक मत होतं. दोन वर्षं लातूरला खोली करून राहिले, पहाटे चारला उठले, चौदा-चौदा तास पुस्तकासमोर बसले. शेवटच्या दोन महिन्यांत तर पान उलटलं की आधीच्या पानावर काय होतं ते आठवत नसे. हे मी कुणाला सांगितलं नाही आणि तास आणखी वाढवले. व्हायचं ते झालं. आई भाकरी वाढताना माझ्याकडे बघत नसे. शेवटी अण्णांनी आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावला, तेव्हा पलीकडचा आवाज मला खोलीच्या दारापर्यंत ऐकू आला. "धाड तिला इकडं. लॅबचा कोर्स करंल, माझ्याजवळ बसून शिकंल. रडत बसली असंल तर रडणं संपल्यावर धाड." मी रडत नव्हते. मला तेव्हा काही होतच नव्हतं. भूक लागायची, जेवायची, झोप यायची, झोपायची.

आत्याचं घर दवाखान्यांच्या गल्लीत होतं. पुढच्या दोन खोल्यांत लॅब, मागं स्वयंपाकघर, त्याच्या मागं पत्र्याखालचं अंगण आणि त्या अंगणात दगडी उखळ. पुढच्या दारानं आलं की स्पिरिटचा वास यायचा, मागच्या दारानं आलं की लसणाचा, आणि मधल्या खोलीत, जिथं माझी खाट होती, दोन्हींचा मिळून एक तिसराच वास होता. सकाळी आंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूतीचे पट्टे, मग पदर खोचून आत्या मायक्रोस्कोपला बसायची. रक्त घ्यायचं काम आणि लोकांशी बोलायचं काम मामांकडे होतं. सह्या करणारे डॉक्टर संध्याकाळी येत. आत्यानं बाजूला काढून ठेवलेल्या स्लाईड तेवढ्या ते स्वतः बघत, बाकीच्या रिपोर्टांवर तिच्या भरवशावर सही करत, आणि तो भरवसा ठेवायला हरकत नव्हती.

काम दिसायला सोपं. रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पातळ ओढायचा, वाळवायचा, रंगात बुडवायचा, धुवायचा, वर तेलाचा थेंब टाकून भिंगाखाली धरायचा. लाल पेशींच्या गर्दीत मधूनच एखादी पांढरी पेशी दिसते. नाव पांढरी, दिसते जांभळी. त्यांच्या पाच जाती. टेबलावर पाच बटणांचं मोजायचं यंत्र असे. डोळा भिंगावर, बोटं बटणांवर, जी जात दिसेल ते बटण दाबायचं, आणि शंभर पेशी झाल्या की यंत्रातली घंटी वाजायची, टिंग. त्या घरात दिवसभर हा आवाज यायचा. टिंग, की आत्या कागदावर आकडे उतरवायची, काच बदलायची, पुन्हा टकटक सुरू. रक्त मोजणारी मशीन आमच्याकडेही होती. पण आत्याचा तिच्यावर अर्धाच विश्वास होता. "मशीन आकडा सांगती," ती म्हणायची, "तोंड न्हाई वळखत."

दहा घंट्या झाल्या की आत्या उठायची. अकरावी काच कुणाचीही असो. मोठ्या साहेबाची असो, रडणाऱ्या बाळाची असो, ती उठायची, हात धुवायची आणि मागं जाऊन उखळाशी बसायची. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, आणि मुसळाचा धप धप आवाज. वीस मिनिटं. मग पुन्हा हात धुवून भिंगाशी. एकदा तिच्या सुट्टीत तिनं निवडावी म्हणून मी सुपात तुरीची डाळ घेऊन ठेवली तर तिनं ते सूप बाजूला सारलं. "डोळ्याला रजा म्हंजे रजा. निवडणं न्हाई, टीव्ही न्हाई, मोबाईल न्हाई. हातानं कर काय करायचं ते." पुढच्या बाकावरची माणसं चुळबुळ करायची. कुणीतरी विचारायचं, "बाई कुठं गेल्या?" मामा वहीतून मान वर न करता सांगायचे, "चटणी कुटायल्यात." एकदा एक गृहस्थ तावातावानं थेट अंगणात आले. "आमचा पेशंट तिकडं तापानं फणफणलाय आन् तुम्ही चटणी कुटायलाव?" आत्यानं मुसळ खाली ठेवलं नाही. "तुमचाच रिपोर्ट नीट यावा म्हनून कुटायलेव," ती म्हणाली, आणि जाताना त्यांच्या हातात चटणीची पुडी दिली. त्यांनी ती घेतलीही.

मी तिला विचारलं होतं की दहाच का, बारा का नाहीत. तिला त्याचं उत्तर शोधावं लागलं नाही. "दहाला मला कळतं की मी दमलेय. बाराला दमलेली असते, पर कळत न्हाई." मला हे वयाचं लक्षण वाटलं. मी एकोणीस वर्षांची होते, कोर्सला वर्गात सगळ्यांत आधी माझी मोजणी व्हायची, आणि समोरच्या बाजूला नव्यानं झालेल्या लॅबवाल्यानं तासाभरात रिपोर्ट देतो अशी पाटी लावली होती. आत्याच्या हाताखाली वर्षभर बसून मला एवढंच हवं होतं की त्या खुर्चीवर एक दिवस एकटीनं बसावं आणि कुणीतरी म्हणावं, पोरगी हुशार आहे. अहमदपूरला ते वाक्य गेल्या वर्षभरात कुणी उच्चारलं नव्हतं.

ते वाक्य नव्हे पण त्याच्या जवळपासचं काहीतरी रोज म्हणणारी एक बाई होती, शकूमावशी. दोन घरं सोडून तिची खानावळ होती. दवाखान्यात आलेल्यांचे नातेवाईक आणि कॉलेजची पोरं तिच्याकडे जेवायची. आमच्या घरात साठलेली चटणी तिच्याच पंगतीत संपायची, नाहीतर आमचं घर चटणीखाली गाडलं गेलं असतं. दर तीन-चार दिवसांनी ती मागच्या दारी रिकामी बरणी घेऊन उभी राहायची. "गंगाबाई, आज गावात लई ताप हाय वाटतं. सकाळधरनं उखळ चालू हाय तुमचं." आणि मला म्हणायची, "काय डाक्टरीनबाई, जेवलाव का?" दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मला झोंबलं असतं. ती म्हणायची तेव्हा झोंबायचं नाही, कारण तिला खरंच तसं वाटत होतं. भिंगात बघतं ते माणूस तिच्या लेखी डॉक्टर.

भादव्यात तापाची साथ आली. रोज चाळीस-पन्नास लोक. बहुतेकांचं रक्त सारखंच दिसायचं. त्या तापात काही पेशी मोठ्या होतात, निळसर पडतात, कडा वेड्यावाकड्या करून बसतात. आणि रक्त गोठायला मदत करणारे बारके ठिपके कमी होतात. आत्या पाचदा दाखवायची. "ही तापानं फुगलेली. हिला भिऊ नको. पर हिच्यासारखी दिसणारी दुसरी एक असती, तिला भी." ती दुसरी तिनं मला जुन्या एका स्लाईडवर दाखवली होती. मला ती चांगली ओळखू यायची. हे इथं मुद्दाम लिहून ठेवते, कारण मला येत नव्हतं म्हणून झालं असं कुणी म्हणू नये.

त्या साथीत जळकोटला आत्याच्या मावसबहिणीचे यजमान वारले. आत्या सकाळच्या एसटीनं गेली, दुसऱ्या दिवशी यायची होती. जाताना मला म्हणाली, "वीस-पंचवीस होतील तेवढ्या कर. उरलेल्या उद्या म्हनून सांग लोकान्ला. दहाच्या वर बसू नको." मामांना हे ऐकू गेलं होतं, तरी त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला सवयीनं रिपोर्ट न्यायला त्याच संध्याकाळची वेळ दिली. मामांनी मला बसवून ठेवलं असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. वीस झाल्यावर ते आत डोकावून म्हणाले होते, "उठायचं तर ऊठ गं." मी भिंगावरून डोळा न काढता म्हणाले, "बसते."

पहिल्या दहा-पंधरा स्लाईड मला अजून आठवतात. एका म्हाताऱ्याच्या रक्तात एका जातीच्या पेशी फार होत्या, एका मुलीच्या लाल पेशी फिक्या आणि चपट्या होत्या. तिसाच्या पुढच्या आठवत नाहीत. तिसाच्या पुढं बोटं आपणहून चालायला लागली. डोळा बघायचा, बोट दाबायचं, या दोघांत मी कुठं नव्हते. वाईट काही वाटत नव्हतं. उलट फार शांत वाटत होतं. लातूरच्या खोलीत शेवटच्या दोन महिन्यांत अगदी असंच वाटायचं, आणि तेव्हाही मी त्याला एकाग्रता समजले होते. टिंग, आकडे, काच बदल. टिंग, आकडे, काच बदल. फुगलेल्या निळ्या पेशी इतक्या येऊन गेल्या होत्या की निळं दिसलं की बोट त्याच एका बटणावर जायचं.

मधेच कधीतरी शकूमावशीचा आवाज पुढच्या खोलीतून आला. ती मामांना सांगत होती की आठ दिवस अंगात कणकण आहे, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. मामांनी रक्त घेतलं. ती जाताना पडद्याआडून म्हणाली, "बघा बरं डाक्टरीनबाई नीट." मी "हो मावशी" म्हणाले. तिची स्लाईड एक्केचाळिसावी होती. रिपोर्टात लिहिलं, विषाणूचा ताप असावा, ठिपके कमी, तीन दिवसांनी पुन्हा तपासावं. त्या दिवशी हेच मी किमान तीस लोकांच्या कागदांवर लिहिलं होतं. साडेचारला चोपन्नावी घंटी वाजली. मामांनी भजी मागवली आणि म्हणाले, "पोरगी हुशार हाय. गंगाला आता घरी बसवावं." ज्या वाक्यासाठी वर्षभर थांबले होते ते आलं, आणि मला काहीच वाटलं नाही. चहाचा कप धरलेली बोटं तेवढी बटणं दाबल्यासारखी हलत होती. संध्याकाळी डॉक्टर आले. बाजूला काढलेली स्लाईड एकही नव्हती, म्हणून त्यांनी सह्या केल्या आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. वही न बघता आधी अंगणात जाऊन आली. "किती झाल्या काल?" मी म्हणाले, चोपन्न. "उखळ कोरडं हाय," ती म्हणाली. त्या चोपन्न पुन्हा बघाव्यात असं तिच्या मनात आलं होतं, हे तिनं नंतर सांगितलं. पण पुढं चाळीस नवी माणसं बसली होती, आणि तिचा दिवस दहा-दहाचा होता. त्यात चोपन्न कुठं बसवणार?

मी आता लातूरला लॅब चालवते. चाळिशी ओलांडली, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. माझ्याकडची मशीन आत्याच्या मशीनच्या दहापट हुशार आहे, काही वेगळं दिसलं की स्वतःच खूण करते, आणि खूण केलेल्या स्लाईड आम्ही बघतो. कामाला असलेल्या मुली चांगल्या आहेत, चपळ आहेत. दहा झाल्या की उठा म्हटलं की त्या उठतात, आणि वीस मिनिटं मोबाईल बघतात. मी ओरडते. बाईंचं वय झालं असं त्या आपसात म्हणत असणार. मीही म्हटलं होतं.

त्या चोपन्न काचांच्या दिवसानंतर तेरा दिवसांनी शकूमावशी पुन्हा रक्त द्यायला आली. तीन दिवसांनी तपासायचं ते तिनं तपासलं नव्हतं. सगळ्यांचे ताप आपोआप उतरत होते आणि खानावळ बंद ठेवून चालणार नव्हतं. आता तिच्या दंडांवर काळेनिळे डाग होते आणि चार पायऱ्या चढून ती दम खात उभी राहिली. सकाळची वेळ होती. आत्याची ती चौथी काच. टकटक सुरू झाली आणि थांबली. पुन्हा सुरू झालीच नाही. आत्यानं डॉक्टरांना फोन लावून ताबडतोब यायला सांगितलं. मग कपाटातून जुन्या स्लाईडचा डबा काढला, एक्केचाळीस नंबरची काच शोधली, तेल टाकलं, आणि खुर्चीवरून उठून मला म्हणाली, "बस. मोज."

मी बसले. पहिल्या नजरेतच दिसलं. फुगलेल्या नव्हेत, त्या दुसऱ्या. हाडांच्या आतच राहायला हव्यात अशा अर्धवट पेशी, गोल, दाट, शेजारी शेजारी. त्यांना आमच्या यंत्रावर बटण नव्हतं. मी बोटावर मोजत गेले. शंभरात एकसष्ट भरल्या. आत्या मागं उभी होती. "दिसल्या?" मी म्हणाले, "हो." "त्या दिशीबी हितंच होत्या." एवढं बोलून ती अंगणात गेली. थोड्या वेळानं मुसळाचा आवाज आला. चारच काचा झाल्या होत्या. दहाच्या आधी ती उठलेली मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिली.

ब्लड कॅन्सर. त्याच दुपारी शकूमावशीला तिच्या भावाकडे लातूरला हलवलं, तिथल्या दवाखान्यात ठेवलं. त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या आणि झोपले. लोक सांगतात की अशा वेळी जेवण जात नाही, झोप लागत नाही. माझं जेवणही गेलं आणि झोपही लागली. चार-पाच दिवस मी सगळं केलं, कॉलेजला गेले, काचा धुतल्या. मग एका सकाळी आत्यानं चटणीचा डबा फडक्यात बांधून माझ्यासमोर ठेवला. "लातूरला जा. शकूला सांग."

मामा वहीवरून उठले. "कशाला सांगायचं? सांगून काय रोग बरा होतोय का? गल्लीत तोंड दाखवायची सोय न्हाई ऱ्हायची."

"मग नगा दाखवू," आत्या म्हणाली. "तिला वाटायलंय की आपणच रोग शोधून दिला. परवा फोनवर मला हात जोडते म्हनली. मला ते ऐकून घ्यायचं न्हाई."

"तूच बोल मग. पोरीला कशाला?"

"मी बघितली असती तर मी बोलले असते."

मी एसटीत बसले. डबा मांडीवर. अहमदपूर आलं, गाडी स्टँडवर दहा मिनिटं थांबली, अण्णांचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर होतं. मी उतरले नाही. काय बोलायचं ते जुळवत होते आणि जुळत नव्हतं. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मामांनी' अशी व्हायची. चाकूर गेल्यावर जुळवणं सोडून दिलं.

शकूमावशी खिडकीजवळच्या खाटेवर होती. केस गळायचे होते अजून, पण तोंड फोडांनी भरलं होतं आणि हातात सुई होती. मला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला. "या डाक्टरीनबाई. तुमच्या आत्यानं वाचिवलं बघा मला." तिचा भाऊ चहा आणायला बाहेर गेला. तो जाईपर्यंत थांबले आणि सांगितलं. पहिल्यांदा रक्त दिलंत तेव्हाच काचेवर दिसत होतं. आत्या नव्हती. मी बघितलं. मला ओळखू येतं ते, पण त्या दिवशी मी बघत नव्हते, नुसती मोजत होते. तेरा दिवस माझ्यामुळे गेले.

तिनं विचारलं, "लई गर्दी व्हती न्हाई त्या दिशी?"

"चोपन्न होत्या."

"माझी कितवी?"

"एक्केचाळिसावी."

ती बराच वेळ मनाशी काहीतरी जुळवत होती. मला वाटलं तेरा दिवसांचा हिशोब करते आहे. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि मला तो हवा होता. "मी दोनच्या पुढं आले व्हते," ती म्हणाली. "पोरांची पंगत उठल्यावर. सकाळी उठल्या उठल्या आले असते तर?"

खोटं बोलता आलं असतं. "दिसलं असतं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, जशी आपलीच चूक सापडल्यावर माणूस हलवतो. "पर पोरं उपाशी गेली असती की गं कॉलेजला," ती म्हणाली. मला समजावून सांगत होती. आपण उशिरा का आलो याचं कारण ती मला देत होती. डबा तिच्या हातात दिला. तिनं झाकण उघडलं, बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. "तोंड आलंय. तिखट न्हाई खाता यायचं." मग डबा नाकाशी धरून तिनं डोळे मिटले. मी तिथंच तिच्या खाटेच्या कडेला बसून रडले, निकालापासून पहिल्यांदा, आणि सुई नसलेल्या हातानं ती माझी पाठ थोपटत राहिली.

संक्रांतीच्या आधी ती गेली. तेरा दिवस आधी कळलं असतं तर वाचली असती का, हे मी तेव्हापासून तीन डॉक्टरांना विचारलं. एकानं हो म्हटलं, एकानं नाही, एकानं सांगता येत नाही म्हटलं. चौथ्याला विचारलं नाही.

त्या दिवशी डबा देऊन लातूरहून परतले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. बाकावर माणसं बसली होती. आत्या भिंगाशी होती. माझं तोंड बघून तिला काय झालं ते कळलं असावं. कागदावर आकडे उतरवून ती खुर्चीवरून उठली. मी दारातच उभी होते. मला वाटलं आता ती मला या खोलीत पुन्हा येऊ नको म्हणणार, आणि मी त्याची तयारी केली होती.

"आठ झाल्यात," ती म्हणाली. "दोन तू कर."

मी हात धुवून बसले. नववी काच एका बाईची होती. एकेक पेशी थांबून बघितली, तिची जात मनात म्हटली आणि मगच बटण दाबलं. घंटी वाजली. दहावी एका लहान मुलाची. तिलाही तेवढाच वेळ दिला. घंटी वाजली. अकरावी काच रंग धुवून, वाळून तयार होती आणि बाकावरचा माणूस पडद्याच्या फटीतून माझ्याकडे बघत होता. मी उठले, अंगणात गेले आणि मुसळ उचललं.